थडग्यावरची बैठक

पनवेल, ता. ४ जानेवारी १९५४

चि. जगन यास,
अ. उ. आ. सर्व्हेत साखळी-झेंडे वाहणारा खलाशी म्हणून लागलास आणि पहिलीच मोजणी कोहिम्याच्या डोंगरात निघाली, हे कळल्यापासून मामंजींनी मला भंडावून सोडलंय. जपान्यांशी झालेल्या लढाईत तुझे दादा तिकडेच बेपत्ता झाले. काशीरामच्या अस्थी सापडल्या तर घेऊनच ये, इथे रीतसर अग्नी देऊ, असं ते म्हणतात. दहा वर्षं मी कुंकू लावून शाळेत शिकवायला जाते आणि बायका माझ्या कपाळाकडे बघून कुजबुजतात. मला खरं काय ते हवं. माझं मन सांभाळायला म्हणून अर्धवट लिहिलंस तर कान उपटीन. आणि हो, आंघोळीला रोज कढत पाण्याचे चोचले तिथे चालायचे नाहीत!
कळावे, माया आहेच, ती वाढवावी.
तुझी वहिनी चंद्रावती

कोहिमा, ता. २ फेब्रुवारी १९५४

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. खरं तेच लिहितो. दादा गेला.

इथे डोंगरावर माथ्यापर्यंत भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, बांध सगळे दगडी. बाबांनी पाहिले असते तर आपल्या खाडीच्या बांधाला नावं ठेवली असती. परवा चढून दमलो, तेव्हा वाटेलगतच्या एका सपाट दगडावर बसून भात खाल्ला, विडीही ओढली. तेवढ्यात शेताचा म्हातारा मालक आला. त्याने आमच्या दुभाष्याला सांगितलं की हे एका शिपायाचं थडगं आहे. जखमी होऊन तो आपल्या दारी आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मग घरातून तंबाखूची डबी आणून दाखवली. झाकणावर दादाने खिळ्याने कोरलेलं स्वतःचं नाव होतं.

मी ताडकन उठलो, कान पकडले. म्हातारा हसला. त्याच्या गावात माणसाला वाटेवर पुरून वर बसायला दगड ठेवतात, वाटसरू टेकला की गेलेल्याला बरं वाटतं म्हणतात. वाडवडिलांपासूनची रीत आहे. मी म्हटलं तर तो खणून द्यायलाही तयार आहे. पण वहिनी, मी दादावर जोड्यांसकट बसलो. हे पाप कुठे फेडू? बाबांना विचारून कळवा.
लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपला जगन

पनवेल, ता. १९ फेब्रुवारी १९५४

चि. जगन यास,
अ. उ. आ. पत्र पोचलं. कुंकू मी माझ्या हातानेच पुसलं. खूप रडले, आणि आज शाळेत जाऊन आले.

अस्थींवरून मामंजींशी वाद घालायच्या तयारीने त्यांना पत्र वाचून दाखवायला घेतलं होतं, पण वेळच आली नाही. ऐकून झाल्यावर तेच म्हणाले, मानसं येतात, बसतात, म्हंजे पोर एकटं नाय. राऊ दे त्याला तिथंच. तेव्हा खणू नकोस.

आणि पापाचं म्हणशील, तर लहानपणी मिठागरावर जाताना चिखल लागेल म्हणून तू तुझ्या दादांच्याच खांद्यावर बसायचास. तेव्हा कुठे पाप लागलं होतं? रजा मिळाली की पुन्हा जा, त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग, आणि त्याच दगडावर निवांत बस. थोडा वेळ माझ्या वाटणीचा म्हणून बस.
आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी वहिनी चंद्रावती