टाचण्यांचा चिमटा

९ नोव्हेंबर, रविवार
चांगुणाबाईचं काम गेलं, आणि ते माझ्या तोंडामुळे गेलं. म्हणून लिहायला बसले.

विहाराच्या वाचनालयातला राउटर आठवडाभर मेलेला आहे. गेल्या रविवारी मी त्यात नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली फाइल, चढवायला ठेवलं आणि घरी जेवायला आले. झाडायला आलेल्या चांगुणाबाईने मधेच बटण बंद केलं. तेव्हापासून एकच लाल दिवा. आज वंदनेनंतर मी हे सगळ्यांसमोर सांगितलं – तिला कुणी चार शब्द सुनवावेत, एवढ्यासाठी. विहार कमिटीचा सेक्रेटरी राजपाल, त्याने निकालच दिला : राउटर चालू होईपर्यंत झाडायला यायचं नाही. एरवी त्याच्याकडून चहा कधी द्यायचा हेही ठरत नाही.

१० नोव्हेंबर
चांगुणाबाई दारात. बसली नाही.
"अक्का, जाताना समदी बटणं बंद करा म्हनून भिंतीवर तुमीच लिवलंय न्हवं? मग बंद केलं तर कामून वरडायलाव?"
"बघते," म्हणाले.

हुमनाबाद स्टँडजवळ अनिलकुमारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. "टाकून द्या मॅडम. ह्ये जित्तं व्हत न्हाई." मी म्हटलं, दहावीत विजेचा धडाही तू असाच टाकून दिला होतास. त्याने गुपचूप ड्रॉवरमधून लॅपटॉपला लावायचा एक छोटा अडॅप्टर काढून दिला.

१२ नोव्हेंबर
राउटर उघडला. आतल्या सर्किटच्या पट्टीच्या कडेला बारीक ठिपके आहेत. त्यातल्या तीन ठिपक्यांना तारा टेकवल्या की मेलेल्या राउटरशीही लॅपटॉपवरून बोलता येतं. कथलाचा डाग देऊन तारा चिकटवणं या वयात नेमकं जमत नाही. मग कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा घेतला. तीन टाचण्या मेणबत्तीवर तापवून, ठिपक्यांच्या अंतराने, एका जबड्यात रोवल्या. डोक्यांना अडॅप्टरच्या तारा गुंडाळल्या. चिमटा पट्टीला लावला की टोकं नेमकी ठिपक्यांवर. गुलबर्ग्याला बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला असलं काही नेलं असतं तर सरांनी चिमट्यासकट बाहेर काढलं असतं.

स्क्रीन कोरी.

१३ नोव्हेंबर
कोरीच.

१४ नोव्हेंबर
मूर्खपणा सापडला. लॅपटॉपची बोलायची तार मी राउटरच्या बोलायच्या ठिपक्याला जोडली होती. दोघंही बोलतायत, ऐकणारं कुणी नाही. थेट आमची कमिटी! तारा उलटवल्या आणि स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. एकटीच हसले.

मग त्या ओळी वाचल्या. फाइल पूर्ण उतरली होती. बटण बंद झालं ते त्यानंतर. राउटर दुसऱ्या आवृत्तीचा, फाइल तिसऱ्या आवृत्तीची. आवृत्ती राउटरच्या पोटावर स्टिकरवर छापलेली आहे – मी तो उलटा करून पाहिलाच नव्हता. चांगुणाबाईने बटणाला हात लावला नसता तरी तो मेलाच असता. छत्तीस वर्षं पोरांच्या डोक्यात घालत आले, आधी प्रश्न नीट वाचा.

योग्य फाइल पाठवली. नऊ मिनिटं चिमटा धरून बसले. दिवे हिरवे झाले.

आता हे इथेच मिटवता येतं. राउटर चालू, ती कामावर, मी पूर्वीचीच मॅडम. त्या ओळी माझ्याशिवाय कुणी वाचलेल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर
कमिटीच्या नावाने अर्ज लिहिला – दोष माझा, चांगुणाबाईचा नाही. आधी तिला दाखवायला गेले. तिने दोनदा वाचला, घडी घालून परत दिला.
"कागद कामून, अक्का? मला तर समद्यांसमोर तोंडानं म्हणलाव."
मग चहा टाकला. मी लगेच निघणार होते, बसावं लागलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
वंदनेनंतर उभी राहिले. राजपाल म्हणाला, "असू द्या मॅडम, बसा." बसले नाही. पुरं सांगितलं.

सुपूर्द केलं : राउटर, चालू, एक. चिमटा, टाचण्यांसकट, एक. पासवर्ड आणि देखरेख, आजवर माझ्याकडे होती ती.
राजपालने हात पुढे केला होता. सही चांगुणाबाईची घेतली.