डेकची खिडकी

११ जानेवारी २००३, कामठा

डेकची खिडकी उघडत नाही! सकाळपासून बटण दाबतो आहे. आतून घर्र असा आवाज येतो आणि बंद. कॅसेट आतच. तीही शाळेची — माझ्या नातीच्या, खुशबूच्या बाईंनी तिच्या एकटीच्या नाचाच्या सरावासाठी दिलेली. सव्वीस जानेवारीला कार्यक्रम. सुनेनं, रचनानं, पोरीच्या मापाचं लुगडंसुद्धा शिवून ठेवलं.

नात संध्याकाळी माझ्याजवळ यायची ती या डेकपायी. आता कशाला येईल? बकाराम आहेच बसलेला.

बकाराम म्हणजे रचनाचा बाप, माझा इवाई. सालेकशाहून आला, गोंदियात मोतीबिंदू काढला आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आमच्या ओसरीवर बसला आहे. डॉक्टरनं सांगितलेले दिवस कधीच सरले. जायचं नाव नाही.

१२ जानेवारी

खुशबूच त्याच्या डोळ्यात थेंब टाकते. दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नाही म्हणे.

"नानाजी, डोरा मिटू नका जी!"

"अवो बाई, तो मिटते आपल्या मनानं, मी कुठं मिटतो!"

मग दोघं हसत सुटतात. माझे दोन्ही डोळे ठणठणीत. कोण विचारतो?

१४ जानेवारी

डेक उघडला. स्क्रू ताटलीत काढून ठेवले. खिडकी ओढणारा रबरी पट्टा ढिला पडला आहे. तोच दोष असणार.

बकाराम ओसरीवरून म्हणतो — "इवाई, कायले बिचाऱ्याची चिरफाड करून राहिले? आपरेशन झाल्यावर त्यालेही पट्टी बांधा!"

सगळे हसले. माझा मुलगा बुद्धभूषणसुद्धा! मी म्हटलं, "तुमी आपली पट्टी सांभाळा."

नंतर कलाबाई मलाच रागावली. "पाव्हण्याले असं बोलतेत का? लहान पोरावानी करून राहिले!" चाळीस वर्षं संसार केला, पण बाजू घेतली ती इवायाची.

१६ जानेवारी

गोंदियाला जाऊन नवा पट्टा आणला. दुकानदार म्हणतो, "चाचा, अब ये कौन चलाता है?" पैसे मोजले आणि निघालो.

पट्टा बसवला. पुन्हा तेच घर्र! खुशबू उभी राहून बघत होती.

"राहू द्या न आबाजी. नाही निंघत तं नाही निंघत."

हिचाही भरवसा गेला माझ्यावरचा. आणि लगेच पळाली नानाजीची गोष्ट ऐकायला. तेंदूपत्ता तोडायला गेला आणि अस्वल आडवं आलं — रोज तीच गोष्ट! फक्त अस्वल रोज मोठं होत जातं.

१७ जानेवारी

कॅसेट नाही निघाली तर? पोरीचा नाच माझ्यामुळे बुडाला म्हणतील. आज जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी

सापडलं!! दातेरी चाकात पुठ्ठा अडकला होता. बारीक घडी करून मुद्दाम आत सारलेला. चिमट्यानं काढला, उलगडला. त्यावर हिरवी अक्षरं — डोळ्याच्या थेंबांच्या डबीचा पुठ्ठा!

म्हणजे बकाराम! पोरगी माझ्याकडे येऊ नये म्हणून! इतका जळतो हा माणूस माझ्यावर? मी चौथी शिकलेला असलो तरी इतकं कळतं. जेवायला सगळे बसतील तेव्हाच पुठ्ठा ताटासमोर ठेवतो. मग बघू कोण कोणाला हसतो.

२० जानेवारी

काल ठेवला. म्हटलं, "इवाई, हा कोणाच्या डबीचा?"

बकारामनं आधी खुशबूकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो जी. मीच घातला. चुकलंच माझं."

बस! इतकंच. भांडलासुद्धा नाही.

तेवढ्यात माझी नजर पोरीवर गेली. मान खाली, घास हातातच. पुठ्ठ्याची घडी आठवली — अगदी बारीक, बोटभर. इवायाच्या जाड बोटांची ती नाहीच.

रचनाला मात्र कॅसेट निघाल्याचाच आनंद. "चाल, उठ, आता सराव!" गाणं सुरू झालं. खुशबू मधोमध उभी. हात वर होईनात. बकाराम उठून अंगणात निघून गेला.

माझा डेक छान वाजत होता.

२१ जानेवारी

न्हाणीच्या मागे पोरीला एकटीला गाठलं.

"काऊन वो, नाचाचं नाही तुले?"

"मले लाज वाटते. मी हात वर केले का साऱ्या पोरी हासतेत. आई आयकतच नाही."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी तं डेक सुधरवून राहिले होते."

"आन नानाजीले सांगतलं?"

"त्यायनं इचारलं न, काऊन रडतेस म्हणून."

दुपारभर पडून राहिलो. कलाबाईनं दोनदा विचारलं, अंगात ताप आहे का. नाही म्हटलं.

२३ जानेवारी

डेकनं शाळेची कॅसेट खाल्ली. म्हणजे फीत मीच ओढली आणि चाकात गुंतवली, खुशबूच्या देखत. टरकन तुटली. रचनाला सांगितलं, बाईंनाही जाऊन सांगितलं — माझ्याच दुरुस्तीचा गुण. बाई म्हणाल्या, तीन दिवसांत दुसरी कॅसेट कुठून आणू, आता या पोरीला कवायतीत घेऊ. बुद्धभूषण पोट धरून हसला. हसू दे.

खुशबूला म्हटलं, "हे नानाजीलेही सांगू नको."

"नाही सांगत जी."