शालूची पाटी

प्रिय गफ्फार,

मागल्या हिवाळ्यात तू येऊन गेलास. मला दिवसभर ओसरीवर गप्प बसलेलं पाहून म्हणालास, "शाळेत मास्तरावर कवनं जुळवत होतास, आता काऊन मुका झाला बे? रोज कायी तरी लिहीत जाय. लिहिलेलं राहो न राहो, हात राह्यला पाह्यजे." तुझं ऐकलं. लढाईमुळे डोणगावच्या बाजारातही वही मिळेना, म्हणून शालूची पाटी काढली. तिच्या चौकटीचा एक कोपरा तुटलेला आहे. तिसरीत असताना तिनं ती चुलतभावाच्या डोक्यात घातली होती.

देवापाशी दिवा लागला की जेवणाआधी लिहायला बसायचं, असा नेम धरला. पहिले कित्येक दिवस 'श्री'च्या पुढे पेन्सिल सरकली नाही. मग ठरवलं, मनातलं नको. आज डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. इंद्रभानाचा बैल बसला तो उठलाच नाही. कपाशीच्या बोंडांत अळी निघाली. चांगलं काही दिसत नव्हतं, तरी नेम मोडला नाही. रुखमा भाकरी थापता थापता म्हणायची, "वाचा." मी वाचायचो. सकाळी ती ओल्या फडक्यानं पाटी पुसून ठेवायची. पोरगी गेल्यापासून घरात तेवढंच बोलणं उरलं होतं.

एकदा न ठरवता शालूवर लिहून गेलो. बोरं खाऊन ती बिया माझ्या टोपीत लपवायची, आणि मी देवळात टोपी काढली की त्या पुजाऱ्यासमोर सांडायच्या. रुखमानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पाटी पुसली नाही. देवाच्या कोनाड्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. रोज बोटं लागून अक्षरं पुसट होत गेली, शेवटी पाटी कोरी झाली. रुखमाला वाचता येत नाही, पण कोरी पाटी कळते. तरी संध्याकाळी ती माझ्या हाती देऊन म्हणायची, "वाचा." मग मी कोऱ्या पाटीवरून वाचू लागलो. आठवत होतं ते संपलं, तेव्हा रचू लागलो. शालूनं तुमच्या नांदुऱ्याला सासरच्या अंगणात जाई लावली. सासूनं तिला हिरव्या बांगड्या भरल्या. फातिमावहिनींकडे शिरखुर्मा खाऊन ती हसत बसली. देवासमोर बसून खोटं वाचतो आहे हे कळत होतं, पण ते ऐकताना रुखमाच्या पोटात दोन घास जायचे.

परवा असंच वाचत होतो. ती मध्येच म्हणाली, "हे तुमच्या मनचं हाये. त्या इहिरीचं कई लिहान?"

मी पाटी खाली ठेवली. मला वाटत होतं, ती विहीर मी एकट्यानंच पाहिली. शालू पटकीनं गेली, असा सासरहून निरोप आला होता. आम्ही पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. गल्लीत पटकीचा दुसरा रोगी नव्हता, आणि व्याह्यांच्या परसातल्या विहिरीवर बाभळीच्या ताज्या फांद्या टाकलेल्या होत्या. त्यांनी चहा पुढे केला, मी प्यालो. तू आम्हाला मोटारीपर्यंत पोचवायला आलास, आणि मोटार सुटेपर्यंत चाकाकडे पाहत राहिलास. मी विचारलं नाही. तुला त्यांच्या शेजारी राहायचं होतं, हे समजत होतं. आता जावयाचं दुसरं लग्न झालं म्हणे.

हे पत्र त्यासाठी आहे, गफ्फार. तुझ्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एक आहे. वहिनींनी जे ऐकलं असेल, तू जे पाहिलं असेल, ते लिहून पाठव. बुलढाण्याला कोर्टात उभं राहायचं बळ आमच्यात नाही. तुझं नाव कुठं येणार नाही. फक्त गोड करू नको. गोड रचायला मी शिकलो आहे. ती पडली की तिनं उडी घेतली, आणि त्याआधी तिनं कुणाला हाक मारली का, एवढं लिही. पत्र येईल त्या संध्याकाळी, दिवा लागल्यावर, एक अक्षर न गाळता रुखमाला वाचून दाखवीन. आज सकाळी तिनं पाटी कोनाड्यातून काढली, हळदकुंकू धुतलं आणि माझ्या बसायच्या जागेवर ठेवून दिली.

वाट पाहणारा, तुझाच,
तुळशीराम