वैशालीचा वाढीव तास

मंगळवार, संध्याकाळ

वाघोलीहून दोन बस बदलून येणाऱ्या दृष्टिहीन वैशालीच्या बी.ए.च्या पेपरला आज लेखनिक म्हणून बसले. ती सांगत होती, मी लिहीत होते. तीन तास होताच पर्यवेक्षक उत्तरपत्रिका ओढू लागले. तिला तासभर जास्त मिळतो, हे यांना माहीतच नसावं? मी पानावर हात ठेवला.

"अहो, आधी नियम वाचून या. तोवर आम्ही लिहितो."

ते तणतणत ऑफिसात गेले, परत येऊन "चालू द्या" म्हणाले. पेपर पूर्ण झाला.

बाहेर वैशालीने विचारलं, "काकू, भीती नाही वाटली?"

वाटली की. त्या भीतीत दोन ओळी वाकड्या आल्यात. येऊ देत.

घरी हे म्हणाले, "या वयात कशाला भांडणं?"

गुरुवारीही तिचा पेपर आहे. नियमाचा कागद छापून पर्समध्ये ठेवलाय.