वहीत नसलेला आकडा

१४ नोव्हेंबर, शनिवार दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीचा गुडघा जिना चढताना बोलतो आणि तो बोलला की तीही बोलते. पोरीला चष्मा लागला. ‘अगदी आत्यासारखी दिसतेस’ म्हटलं तर खूश झाली. ही पिढी खरंच वेगळी आहे.

नऊ वर्षांत आपण फक्त लग्नाकार्यात भेटलो. ‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ संपलं. तेव्हा पाकीट बघून तुला वाटलं असेल, कोण गेलं? कुणी नाही. तू उभा केलेला जुना स्टॅक जायचाय. तो पुसायचं काम माझ्याकडे आलंय.

मी आता साहेब झालोय, तुझ्याच खुर्चीत. परवा नव्या मुलांना क्लाउडचे प्राथमिक धडे दिले. एका टेम्प्लेटमधून सर्व्हर, डेटाबेस, त्यांच्यातल्या जोडण्या असा अख्खा संसार एकदम उभा राहतो, त्याला स्टॅक म्हणायचं, वगैरे. फळ्यावर तुझी वाक्यं लिहिली, खाली तुझं नाव लिहिलं नाही. साहेब लोक असंच शिकवतात.

शिकवताना आईची निळी वही आठवली. बाबांच्या बदल्या, सात घरं! पलंगाचं डोकं खिडकीकडे, कपाटाशेजारी शिलाई मशीन, पण मशीनच्या आधी दिवा, कारण अंधारात सुई ओवता येत नाही. ट्रकमधून सामान उतरवणाऱ्यांना ती वही वाचून दाखवायची आणि संध्याकाळपर्यंत परक्या भिंतींत आपलंच घर उभं असायचं. तिसऱ्या घरात मी माझी खाट गुपचूप दाराशी सरकवली होती. चौथ्या घरात ती पुन्हा भिंतीला! मी भोकाड पसरलं तर आई म्हणाली, “वहीत लिहून ठेवलं होतंस का?”

पंचवीस वर्षांनी ऑफिसच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत तू मला हेच शिकवलंस.

“टेम्प्लेट म्हणजे आईची वही. कसं करायचं ते लिहू नकोस, काय हवं ते लिही. कशाआधी काय, ते क्लाउड बघतो. मध्येच काही फसलं तर सगळं आवरून होतं तसं ठेवतो.”

“आणि दर घरात बदलतं ते?”

“त्याला वर रिकाम्या जागा. पॅरामीटर म्हणतात. आणि गाढवा, चालत्या मशीनला परस्पर हात लावायचा नाही. बदल आधी वहीत. वहीत नाही, ते पुढच्या घरात नाही.”

“बरं बाई,” मी म्हणालो. तू चहाचा कप माझ्याकडे सरकवलास, साखर जास्त घातलेला. ती खोली आता सामानाची अडगळ आहे. कधी कधी उगाच दार उघडून बघतो.

तो सोमवार आठवतो ना? मी कशाला विचारतोय. रविवारी तू टेम्प्लेटवरून सगळा स्टॅक नव्या मशीनवर उभारलास. सकाळी दवाखान्यांतल्या रुग्णांची नोंदणी सुरू झाली आणि डेटाबेस एका वेळी शंभरच जोडण्या घेऊ लागला. बाकीचे दाराबाहेर. खरेखुरे आजारी लोक, कडेवर पोरं घेऊन, दुपारपर्यंत रांगेत. जुन्या मशीनवर तोच स्टॅक चालत होता, मग नव्यावर का नाही, हे तू टेम्प्लेट ओळ न् ओळ वाचून शोधत होतीस. आम्हा अकरा जणांना समोर बसवून तू विचारलंस, “कुणी परस्पर काही बदललं होतं का?”

मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधलेलीच होती.

अहवाल आला: टेम्प्लेट अपुरं, जबाबदारी लिहिणारीची. महिन्याने तू राजीनामा दिलास आणि शाळेत गणित शिकवायला गेलीस.

गेल्या आठवड्यात पुसण्याआधी टेम्प्लेटचा इतिहास उघडला. शेवटचा बदल तुझा, तुझ्या शेवटच्या दिवशीचा. जोडण्यांची मर्यादा शंभरवरून चारशे सतरा. शेजारी टीप: ‘जुन्या मशीनवर हाच आकडा होता.’

चारशे सतरा. दुसऱ्या कुणी चारशे लिहिलं असतं, पाचशे लिहिलं असतं. बाबांच्या स्कूटरचा नंबर लिहिणारा माणूस जगात एकच. पासवर्ड अकरा जणांत एक होता, त्यामुळे मशीनच्या नोंदीत आकडा आणि वेळ होती, नाव नव्हतं. तुला नावाची गरजच नव्हती.

मीच केलं ते, ताई. त्या सोमवारच्या दोन महिने आधी, जेवणाच्या सुट्टीत. तू रजेवर होतीस, सिस्टिम रखडत होती. मी आकडा वाढवला, गाडी पळाली, मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. वहीत उद्या लिहू, म्हटलं. असे साठ उद्या गेले.

तुला काहीच ठाऊक नाही, या भरवशावर मी नऊ वर्षं पोटभर जेवलो. तुझा अबोला हा तुझा तुसडेपणा आहे, असं घरीदारी सांगत आलो. बायकोला सांगितलं, पोरीलाही सांगितलं. परवा दोघींसमोर ते परत घेतलं. पोरगी जेवता जेवता उठून गेली.

काल मोठ्या साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, “आता कशाला? स्टॅक तर तुम्ही पुसताय.”

“म्हणूनच. तो गेल्यावर तुमचा अहवाल तेवढा उरेल. तो दुरुस्त झाल्याशिवाय मी पुसत नाही.”

“खुर्ची जाईल हो.”

“ती बहिणीचीच आहे.”

मंगळवारी चौकशीला बोलावलंय. लेखी दिल्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात तुझं संपूर्ण नाव आहे आणि माझंही.

माफी मागणार होतो. पण ती तू मला न विचारता तेव्हाच देऊन टाकलीस, आणि खरं सांगू, त्याचाच राग येतो. धाकटा म्हणून गप्प बसलीस ना? चुकलीस. त्या दिवशी त्या अकरांत मी तुझा भाऊ नव्हतो, भित्रा सहकारी होतो. आकडा सापडला तेव्हा मला त्यांच्यासमोर उभं करायला हवं होतंस.

‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ असं इथे लिहिलं होतं, ते खोडलंय. नाही चालणार. शिव्या दे, पण लिही.

तुझा अपराधी, आणि तरीही तुझाच,
धाकटा