काचेवरचं रक्त

अप्पा, आज नातवाच्या रक्ताच्या तपासणीचा कागद हाती आला. दोनदा वाचला, काही उमगलं नाही, आणि तुम्ही आठवलात.

धारूरच्या आपल्या दुकानात तुम्ही बसला आहात. माझ्या पाठच्या धाकटीला तिजारीचा हिवताप लागलाय. एक दिवसाआड भर उन्हात थंडी वाजते, तीन गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजतच राहतात. बाजारच्या दिवशी बीडहून येणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी काचेची पट्टी दिली होती. थंडी भरली की पोरीच्या बोटाचं रक्त तिच्यावर लावून ठेवा, म्हणाले होते. पट्टी बीडला गेली, आता त्या काळच्या सरकारी उर्दूतली चिठ्ठी आलीय. तुम्ही ती वाचता, उलटी करून पाहता, पुन्हा वाचता.

"रगत साफ हाय म्हनतो डागदर. मग पोरगी कावून थरथरती?"

"त्यो कागद तिलाच वाचून दावा," आई फणकारली. "थांबती का बघू थंडी."

रक्त साफ, म्हणजे हा ताप नव्हेच, बाहेरचं काहीतरी आहे, असा अर्थ तुम्ही लावलात. औषधाऐवजी अंगारे आले. दोन आठवडे तसेच गेले. शेवटी डॉक्टरांनी रक्त घ्यायला स्वतः तिचं बोट धरलं, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत.

"मागल्या बारीला माझंच लावलं हुतं, सायेब. पोरीच्या अंगात रगत ऱ्हायलंय कुटं? बाप-लेकीचं एकच की."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथं हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या. चार तिच्या पोटात गेल्या. पाचवी घ्यायला ती राहिली नाही.

तिला माती देऊन तुम्ही परतलात, तर मी दारातच म्हणाले, "तुमच्यामुळंच गेली ती." तुम्ही पाय धुतलेत. पुढं तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी तोडूनच बोलले. फार वाईट वागले मी, अप्पा.

आईलाही कधी सांगितलं नाही ते आज लिहिते. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही स्वतःच्या बोटात सुई खुपसलीत, ते मी दाराआडून पाहिलं होतं. पोरीचंच रक्त हवं, हे डॉक्टरांचं बोलणंही ऐकलं होतं. पण मी तोंड उघडलं असतं, तर सुई पाहून ती रडताना तिचा हात धरायला तुम्ही मलाच बसवलं असतं. म्हणून गप्प राहिले.