सहाव्या अडसराची दोन पावलं

आधी कबुली, मग वाटणी. गेल्या फेब्रुवारीत घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेत सहावा अडसर दोन पावलं अलीकडं मीच सरकवलाता.

मी, सम्राट सयाजी चौगले, वय तेवीस, राहणार मुरगूड, सध्या कोल्हापुरात दवाखान्यात, हे माझ्या खुशीनं लिहून ठेवतोय. कुणाची जबरदस्ती न्हाय. घोड्यावरनं पडून डोक्यात रक्ताची गाठ झालीया, ती उद्या काढणार. पण डोकं ठिकाणावर हाय, असं डॉक्टरच म्हणाले. भ्या वाटत न्हाय. काहीच वाटत न्हाय.

१. माझी वही बहीण स्वप्नालीला. त्यात नियम हायेत. काठी पडली की चार दंड. घोडं अडलं की चार, दुसऱ्यांदा अडलं की बाद. घोडं न्हायतर स्वार पडला तरी बाद. वेळ उलटली की सेकंदाला एक. ज्याचं दंड कमी, त्यो पुढं. पहिल्या नंबराला बरोबरी झाली तर काठ्या उंच करून परत पळवत्यात, तिथंबी दंड सारखंच पडलं तर घड्याळ बघायचं. हे आईलाबी शिकव. मागं मला बारा दंड पडलं, तर तिनं "पोरानं बारा मिळवलं की!" म्हणून गल्लीत पेढं वाटलं.

२. मोटारसायकल आईनं विकावी. चुलत्याला देऊ नये. त्यो मला चारचौघात सर्कशीतला जोकर म्हणलाय.

३. माझा घोडा बाजा, खोगीर आणि त्या दिवसाचा कप माझा दोस्त अमरसिंहला. कारण असं. स्पर्धेआधी आम्ही मैदान चालून पावलं मोजतो, घोड्याच्या एका ढांगेला माणसाची चार. पाचव्या ते सहाव्या अडसरात चोवीस भरली. शून्य दंडावर आम्ही दोघंच उरलो. काठ्या उंच करायला माणसं आली, मी मदतीला म्हणून गेलो आणि अडसर सरकवला. त्याची एक काठी पडंल, वरीसभर चिडवीन, एवढंच मनात. माझी पाळी आधी. मला बावीस ठाऊक व्हती. त्यानं चोवीस धरली. त्याची मिरची घोडी काठ्यांत गुतून पडली. पुढचा पाय मोडला. डॉक्टरनं तिथंच शेवटची सुई दिली.

अमऱ्या म्हणला, "माझंच मोजणं चुकलं रं, सम्या."

मी म्हणलं, "व्हय."

तवापास्नं त्यो घोड्यावर बसला न्हाय. बाजावर त्यानं बसावं. मी पडलो त्यात बाजाची चूक न्हाय. अडसर सरकवणाऱ्याला किती दंड, ते वहीत सापडलं न्हाय.

साक्षीदार:
आकाराम, हुपरी, शेजारची खाट. सगळं वाचलं, सही केली.
अमरसिंह. "लेका, हितंबी चेष्टाच लिहिली अशील," म्हणला आणि न वाचता सही केली.

सही: सम्राट
कोल्हापूर, १८ नोव्हेंबर २०२५

ता. क. मी मेलो तर हा कागद अमरसिंहच्या हातात द्या. जगलो तर मीच सांगीन. सांगीन का न्हाय, मलाबी ठाऊक न्हाय. त्यो आत्ता भाईर बाकावर माझ्यासाठी शहाळं घिऊन बसलाय. आकाराम पावणं, तुमच्या पाया पडतो, तवर कुणाला सांगू नका.